आंद्रे सित्रोएन : खरी मोटार आणि खेळण्यातली मोटार



या पानावर आपण बहुतेक वेळा आपल्या बडोद्याशी नाते असलेल्या थोरांची चरित्रे देतो. महाराजा सयाजीराव झाले, कलाभवन उभे करणारे प्राध्यापक गज्जर झाले. या वेळी मात्र एका फ्रेंच कारखानदाराचे चरित्र देत आहोत, आणि त्याला कारण आमच्या टेबलाचा खण आहे.

पहिल्या सत्रात आठवीच्या वर्गात तास चालू असताना एका विद्यार्थ्याच्या दप्तरातून एक लहानशी काळी मोटार निघाली. नियमाप्रमाणे ती आमच्याकडे जमा झाली. वडिलांना बोलावले. ते बिचारे आधीच त्रासलेले होते. मुलगा पैसे साठवून अशाच गाड्या घेतो, फ्रान्समध्ये असलेला मामा आणखी आणून देतो, घरात दोन फळ्या भरल्या आहेत आणि दहावी दोन वर्षांवर आली आहे, अशी त्यांची तक्रार. ती गाडी परत देऊ नका, असेच त्यांनी आम्हाला सांगितले. मुलगा एवढेच म्हणाला की हे खेळणे नाही, नमुना आहे, जरा जपून ठेवा. आम्ही ती खणात टाकली आणि विसरलो.

तीन आठवड्यांनी फाईल शोधताना ती हाती आली, तेव्हा तिचा पुढचा दरवाजा निखळला होता. वरच्या फाईलींचे वजन पडले असणार. दोष आमचा, दुसऱ्या कोणाचा नाही. गाडी उलटी करून पाहिली तर पोटावर बारीक अक्षरांत सित्रोएन हे नाव, १९३४ हे साल आणि १:४३ असा आकडा होता. तो आकडा आम्हाला आधी मालाचा नंबर वाटला. गणिताच्या सरांनी सांगितले की ते प्रमाण आहे. खऱ्या गाडीचे त्रेचाळीस सेंटिमीटर म्हणजे या गाडीचा एक सेंटिमीटर. आम्ही पट्टी लावली. गाडी साडेदहा सेंटिमीटर भरली, म्हणजे खरी सुमारे साडेचार मीटरची. मग त्या विद्यार्थ्याला मधल्या सुट्टीत बोलावले, दरवाजाबद्दल त्याची माफी मागितली आणि विचारले की हा सित्रोएन कोण होता. त्याने जे सांगितले ते नंतर आम्ही पडताळून पाहिले. जवळजवळ सगळे बरोबर निघाले. (आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. लिहिण्यात कुठे हिंदीचे वळण आले असेल तर मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे.)

आंद्रे सित्रोएन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिस येथे झाला. कुटुंब ज्यू होते. वडील लेव्ही हिऱ्यांचे व्यापारी, ते हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमहून पॅरिसला येऊन स्थायिक झालेले. आई पोलंडमधल्या वॉर्सॉची. पाच भावंडांत आंद्रे सर्वांत धाकटे. आडनावाची गोष्ट तर मुलांना फार आवडेल. त्यांच्या पूर्वजांपैकी एक जण हॉलंडमध्ये लिंबे आणि फळे विकत असत. त्यावरून त्यांचे आडनाव लिंबूवाले अशा अर्थाचे पडले आणि पुढच्या पिढीत त्याचे सित्रोएन झाले. डच भाषेत या शब्दाचा अर्थच लिंबू. आपल्याकडे नाही का पोतदार, सराफ, तांबट ही आडनावे धंद्यावरून पडली? तसेच हे. घराण्याचे नाव लिंबावरून पडले याची आंद्रे यांना लाज वाटली नाही. पुढे त्यांनी जी छोटी पिवळी मोटार काढली, तिला लोक प्रेमाने छोटे लिंबूच म्हणू लागले.

आंद्रे सहा वर्षांचे असताना घरावर आभाळ कोसळले. व्यापारातील चिंतांनी खचलेल्या वडिलांनी १८८४ साली आपले जीवन संपविले. हे वाक्य शाळेच्या अंकात लिहावे की नाही यावर आम्ही विचार केला. पण पुढे या माणसाने कर्जाशी जो खेळ मांडला, तो समजण्यासाठी ही गोष्ट माहीत असणे बरे, म्हणून लिहिली आहे. वडिलांच्या मागे आईने हिऱ्यांचा व्यापार सांभाळला आणि मुलांना शिकविले. मुलगा अभ्यासात हुशार होता. ज्यूल व्हर्न यांच्या विज्ञानकथा तो आवडीने वाचत असे. त्याच्या अकराव्या वर्षी, १८८९ साली, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर पुरा झाला. एवढा मोठा लोखंडी मनोरा महिन्यामहिन्याने वर चढताना पाहणाऱ्या मुलाला इंजिनिअर व्हावेसे वाटले तर नवल नाही. एकोल पॉलितेक्निक ही फ्रान्समधली नामांकित संस्था, तिथे त्यांना प्रवेश मिळाला. तिथे शिकत असतानाच, १८९९ साली, आईही गेली.

१९०० साली ते पोलंडला गेले. त्यांची बहीण तिकडे दिली होती. तिथल्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी वेगळ्या प्रकारचे दातेरी चाक पाहिले. याचे थोडे स्पष्टीकरण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देतो. गिअरचे दाते सरळ असले की ते एकमेकांवर आपटत फिरतात आणि आवाज करतात. तिरपे दाते केले तर आवाज कमी होतो, पण तिरपेपणामुळे चाक एका बाजूला सरकू पाहते. त्या चाकाचे दाते इंग्रजी व्ही अक्षरासारखे होते, म्हणजे अर्धे एका बाजूला तिरपे आणि अर्धे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचा रेटा एकमेकांना मारून टाकतो, चाक जागेवर राहते आणि शांतपणे फिरते. आंद्रे यांनी त्याचे हक्क विकत घेतले आणि फ्रान्समध्ये असे गिअर बनविण्याचा कारखाना काढला. आज सित्रोएन गाडीच्या तोंडावर एकावर एक ठेवलेल्या दोन छपरांसारखी जी खूण दिसते, ती म्हणजे हेच दाते. रस्त्यावरून जाताना आपण ती खूण शंभरदा पाहतो आणि तिच्यामागे एक दातेरी चाक आहे हे कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आले नव्हते.

१९०८ पासून त्यांनी मोर्स नावाच्या एका अडचणीत आलेल्या मोटार कंपनीचा कारभार हाती घेऊन ती सावरली. १९१२ साली अमेरिकेत जाऊन हेन्री फोर्ड यांचा कारखाना पाहिला. १९१४ साली जॉर्जिना बिंगेन यांच्याशी विवाह झाला, आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आंद्रे तोफखान्यात अधिकारी होते. त्यांचे एक बंधू त्या युद्धात पहिल्याच वर्षी मारले गेले. आघाडीवर त्यांनी पाहिले की फ्रेंच तोफा आहेत, पण त्यांना गोळे पुरत नाहीत. १९१५ साली त्यांनी सरकारपुढे योजना मांडली आणि पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी, जावेल नावाच्या भागात, काही महिन्यांत तोफगोळ्यांचा प्रचंड कारखाना उभा केला. युद्ध संपेपर्यंत तिथून दोन कोटींहून अधिक गोळे बाहेर पडले.

पुरुष आघाडीवर गेल्यामुळे कामावर हजारो बायका होत्या. त्यांच्यासाठी कारखान्यात उपाहारगृह, दवाखाना, दातांचा डॉक्टर आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर अशी सोय होती. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आज आपल्याकडे किती कारखान्यांत पाळणाघर आहे, हे पालकांनीच सांगावे. अर्थात त्या पाळणाघराच्या भिंतीपलीकडे माणसे मारण्याचे गोळे बनत होते, हेही विसरून चालणार नाही.

युद्ध संपले. आता एवढ्या कारखान्याचे करायचे काय? आंद्रे यांनी याचे उत्तर युद्ध चालू असतानाच शोधून ठेवले होते. जिथे गोळे बनत होते तिथे मोटारी बनवायच्या, आणि त्याही श्रीमंतांच्या नव्हे तर कुटुंबाच्या. १९१९ साली त्यांची पहिली गाडी आली. तिचे नाव साधे ए असे होते. त्या काळी युरोपात मोटार घ्यायची तर चाकांचा सांगाडा एकीकडून, वरची बैठक दुसऱ्या कारागिराकडून आणि दिवे तिसरीकडून घ्यावे लागत. सित्रोएन यांची गाडी दिवे, बटणाने सुरू होणारे इंजिन आणि जादा चाक यांसह पूर्ण तयार मिळू लागली. युरोपात मोठ्या संख्येने बनलेली ही पहिली मोटार मानतात. पाठोपाठ १९२२ साली ते छोटे लिंबू आले, जे स्त्रियांनाही सहज चालविता येत असे. हप्त्यांनी पैसे देण्याची सोयही त्यांनी केली. गावोगावी विक्रेते नेमले, दुरुस्तीचे दर आधी छापून दिले आणि रस्त्यांच्या वळणांवर आपल्या नावाच्या पाट्या स्वखर्चाने लावल्या.

आता आपल्या विषयाकडे येतो. १९२३ साली सित्रोएन यांनी एक असा निर्णय घेतला, की त्यांच्याबरोबरचे हिशेबी लोक नक्कीच चक्रावले असतील. त्यांनी खेळण्यातल्या मोटारी बनवून घ्यायला सुरुवात केली.

खेळण्यातल्या मोटारी त्या आधीही मिळत होत्या. पण त्या कोणत्याही मोटारीसारख्या दिसत, म्हणजे कोणत्याच मोटारीसारख्या दिसत नसत. सित्रोएन यांचे म्हणणे असे पडले की आमची गाडी छोटी होईल, पण खोटी होणार नाही. पहिले खेळणे पत्र्याचे होते, खऱ्या गाडीच्या सुमारे एक दशांश मापाचे, चावी दिली की धावणारे. खरी गाडी ज्या रंगांत निघे त्याच रंगांत खेळणे निघे. खरी गाडी बदलली की खेळणेही बदले. ही खेळणी खऱ्या गाडीच्या विक्रेत्यांकडेही मिळत. वाळवंटात गेलेल्या पट्ट्यांच्या गाड्यांचीही (त्यांची हकीकत पुढे येते) खेळणी निघाली. मूल स्वतः आत बसून चालवील एवढी मोठी छोटी गाडीही निघाली, तिचे नाव सित्रोएनेत.

यामागे धंद्याचा डाव होता हे उघड आहे. मुलाने बोलायला लागताच आई, बाबा यानंतर तिसरा शब्द सित्रोएन असा बोलावा, असे त्यांना वाटत होते, अशी आख्यायिका आहे. आज टीव्हीवरच्या जाहिराती मुलांमार्फत आई-वडिलांचा खिसा कसा हलवितात हे आपण रोज पाहतो, तेव्हा या कल्पनेचे सगळे कौतुकच करावे असे आम्हाला वाटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. लहान मुलाला खऱ्यासारखी वस्तू द्यावी, त्याला वाट्टेल ते चालेल असे समजू नये, हा आदर त्यात आहे. आपल्या कमाटीबागेतल्या जुन्या छोट्या आगगाडीत जे बसले असतील त्या आजी-आजोबांना आम्ही काय म्हणतो ते पटकन कळेल. राजवाड्यातल्या मुलांसाठी आणलेली ती गाडी पुढे सर्वांच्या मुलांसाठी बागेत आली. ती लहान होती, पण तिला रूळ होते, वाफेचे खरे इंजिन होते. मुले तिला खेळणे म्हणून नव्हे, गाडी म्हणूनच बसत. सहाव्या वर्षी वडिलांना मुकलेल्या माणसाने मुलांच्या खेळण्याकडे एवढ्या बारकाईने पाहावे, याचा आपसात काही संबंध असेल का? आम्ही सांगू शकत नाही, पण विचार मनात आला खरा.

जाहिरातीत तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १९२२ च्या मोटार प्रदर्शनाच्या वेळी पॅरिसच्या आकाशात विमानाच्या धुराने त्यांचे नाव लिहिले गेले. १९२५ साली त्यांनी आयफेल टॉवरच भाड्याने घेतला आणि अडीच लाख दिव्यांनी त्यावर आपले नाव झळकविले. अकराव्या वर्षी ज्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहिले, त्यावर सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःचे नाव! हे दिवे १९३४ पर्यंत दर वर्षी लागत होते. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकटाच अटलांटिक महासागर विमानाने ओलांडून पॅरिसला उतरला, तेव्हा टॉवरचे हे दिवे त्याला लांबून दिसले होते.

मोहिमाही त्यांनी काढल्या. मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टे लावलेल्या त्यांच्या पाच गाड्या डिसेंबर १९२२ मध्ये निघाल्या आणि तीन आठवड्यांत सहारा वाळवंट ओलांडून टिंबक्टूला पोहोचल्या. मोटारीने सहारा पार होण्याची ती पहिली वेळ. १९२४-२५ मध्ये आफ्रिका खंड उभे ओलांडले. १९३१ साली तिसरी मोहीम बैरुतहून निघाली ती थेट चीनकडे, आणि ती आपल्या देशातून गेली. जून १९३१ च्या अखेरीस ही मंडळी श्रीनगरला आली. तिथून गिलगिटपर्यंत घोड्यांची पायवाट होती. मोटार त्या वाटेने कधी गेली नव्हती. काही ठिकाणी वाट खचलेली असल्यामुळे गाडी सुटी करून, तिचे भाग हमालांच्या पाठीवरून पलीकडे नेऊन पुन्हा जोडावी लागली. ४ ऑगस्ट १९३१ रोजी दोन गाड्या गिलगिटला पोहोचल्या. पुढे घोडे. त्या हमालांची नावे कुठल्या पुस्तकात आम्हाला दिसली नाहीत. मोहिमेचे प्रमुख जॉर्ज-मारी हार्ट हे बीजिंगला पोहोचले, पण घरी परतू शकले नाहीत. मार्च १९३२ मध्ये हाँगकाँगला न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. आंद्रे यांचा तो जवळचा मित्र होता.

१९२९ साली कारखान्यातून वर्षाला एक लाखाहून अधिक गाड्या निघाल्या. युरोपात एवढ्या कोणाच्याच निघत नव्हत्या. पण आमच्या व्यापारी विश्वस्तांच्या लक्षात एव्हाना आले असेल की हा सगळा खर्च कुठून येत होता. उधारीतून. सित्रोएन यांना स्वतःसाठी पैसा जमविण्याची हौस नव्हती. त्यांचा स्वतःचा मोठा वाडा नव्हता, ते भाड्याच्या घरात राहत. पण त्यांना जुगाराचे व्यसन होते. समुद्रकाठच्या दोव्हिल गावच्या कॅसिनोत ते एका रात्रीत फार मोठ्या रकमा हरत, आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा होई. त्यांच्या चरित्रातली ही बाजू काही लेखक हसण्यावारी नेतात. आम्हाला ते पटत नाही. कारखान्याचा कारभारही त्यांनी थोडाफार त्याच मनाने केला. १९२९ नंतर जगभर मंदी आली, गाड्यांचा खप उतरला, आणि नेमक्या त्याच काळात, १९३३ साली, त्यांनी जावेलचा कारखाना पाच महिन्यांत जवळजवळ नव्याने बांधला, तोही काम न थांबविता. उद्घाटनाला हजारो लोकांना तिथेच जेवण दिले. कर्ज देणाऱ्यांच्या घशाखाली तो घास उतरला असेल का, शंका आहे.

यातच त्यांनी एक अगदी नवीन गाडी ठरविली. आंद्रे लफेव्र हे इंजिनिअर आणि फ्लामिनियो बेर्तोनी हे इटालियन शिल्पकार कामाला लागले. बेर्तोनी यांनी कागदावर रेघा ओढण्याऐवजी मूर्तिकाराच्या मेणमातीत गाडीचा छोटा नमुना घडविला, तोही एका रात्रीत, असे सांगतात. आंद्रे यांनी तो पाहिला आणि पसंत केला. म्हणजे आधी छोटी गाडी झाली आणि तिच्यावरून मोठी! आपल्याकडे गणपतीचे मूर्तिकार मोठी मूर्ती करण्याआधी लहान करून पाहतात, तसेच. ही गाडी ट्रॅक्सिओं अवां, म्हणजे पुढच्या चाकांनी ओढणारी. त्या वेळच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाई. हिच्यात ती पुढच्या चाकांना दिली, त्यामुळे गाडीच्या पोटाखालून लांब दांडा न्यावा लागला नाही, आणि ती जमिनीला धरून, ठेंगणी, वळणावर स्थिर अशी झाली. खाली वेगळा सांगाडा नाही, संपूर्ण लोखंडी अंगच सगळा भार घेते. आजच्या आपल्या बहुतेक लहान मोटारी याच पद्धतीच्या आहेत. आमच्या खणातली गाडी ती हीच.

१८ एप्रिल १९३४ रोजी ती लोकांपुढे आली. घाई फार झाली होती. पहिल्या गाड्यांत दोष निघाले, ग्राहक परत येऊ लागले. पैसे देणारे थांबले. आयफेल टॉवरवरचे दिवे बंद झाले. २१ डिसेंबर १९३४ रोजी कंपनी न्यायालयाच्या ताब्यात गेली. सर्वांत जास्त पैसे मिशलिन या टायर कंपनीचे अडकले होते, तिने पुढे कारखाना घेतला. आंद्रे यांना त्या वेळी पोटाचा कर्करोग झाला होता. स्वतः उभारलेल्या कारखान्यात त्यांना आता अधिकार उरला नव्हता. ३ जुलै १९३५ रोजी पॅरिसच्या एका रुग्णालयात, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्यापारातल्या चिंतेने वडील गेले होते, आणि एका-दीड वर्षातच मुलाच्याही हातून सगळे निसटले.

ती गाडी मात्र चालली. दोष दूर झाले आणि १९५७ पर्यंत ती बनत राहिली, साडेसात लाखांच्या वर. तिच्यानंतर नव्या मालकांच्या काळात शेतकऱ्याला परवडेल अशी दोन अश्वशक्तीच्या नावाची गाडी १९४८ साली आली, ती १९९० पर्यंत बनत होती. १९५५ साली डी.एस. आली, तिच्या पहिल्याच दिवशी बारा हजार मागण्या नोंदल्या गेल्या. जावेलच्या ज्या नदीकाठी कारखाना होता त्या रस्त्याला १९५८ साली आंद्रे यांचे नाव दिले. कारखाना सत्तरच्या दशकात हलला आणि त्या जागी आता मोठी बाग आहे. तिलाही त्यांचेच नाव. आपल्या देशात या नावाच्या गाड्या २०२१ साली विकायला आल्या, पहिले दालन आपल्या अहमदाबादला उघडले. तोपर्यंत इथल्या मुलांना सित्रोएन माहीत असेल तर ती बहुधा खेळण्यातलीच.

कारण खेळण्यांचीही वंशावळ पुढे वाढली. फ्रान्समध्ये १९३२ साली सोलिदो आणि युद्धानंतर नोरेव्ह हे कारखाने निघाले. (नोरेव्ह हे मालकाचे वेरों आडनाव उलटे लिहून झाले आहे. आठवीच्या सगळ्या मुलांनी आता आपापली आडनावे उलटी वाचून पाहिलीच असतील.) डिंकीच्या फ्रेंच कारखान्यातूनही अशा गाड्या निघत. सित्रोएन, पजो, रेनो या घरोघरच्या गाड्यांचे नमुने त्यांनी केले, शर्यतीच्या गाड्यांचेच नव्हे. १:४३ हे माप मुळात खेळण्यातल्या आगगाडीच्या एका मापावरून आले, म्हणजे स्टेशनच्या बाहेर उभी करायला शोभेल एवढी मोटार. आज जगभर जाणती माणसे हे नमुने जमवितात. त्यांना जपणे सोपे नाही. जुन्या नोरेव्ह गाड्यांचे प्लॅस्टिक काळाबरोबर वाकडे होते, आणि युद्धापूर्वीच्या ओतीव गाड्यांत जस्ताच्या मिश्रधातूत भेसळ असेल तर त्या आतून तडकून भुगा होतात. ऊन, दमट हवा आणि आचार्यांच्या खणातल्या फाईली या तिन्हींपासून त्या दूर ठेवाव्या लागतात.

विद्यार्थ्याच्या वडिलांना आम्ही पुन्हा बोलावले. त्यांना हे सगळे सांगितले. ते पूर्ण पटले असे म्हणणार नाही, गणितातले गुण हा त्यांचा मुद्दा खराच आहे. शेवटी असे ठरले की सहामाहीचा निकाल लागेपर्यंत नवी गाडी घ्यायची नाही, आणि आहेत त्या गाड्यांची वही करायची. त्या मुलाने वही केली आहे. प्रत्येक गाडीला एक पान. खऱ्या गाडीचे साल, लांबी, नमुन्याचे माप आणि कारखाना. लांबीला त्रेचाळीसने भागण्याचे काम तो कॅल्क्युलेटर न घेता करतो, हे गणिताच्या सरांनी आम्हाला मुद्दाम सांगितले. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी, दोन अश्वशक्तीच्या गाडीची लांबी ३ मीटर ८३ सेंटिमीटर आहे.

या महिन्यात वाचनालयाच्या काचेच्या कपाटात त्याच्या अकरा गाड्या मांडल्या आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर पालकांनाही पाहता येतील. काळी ट्रॅक्सिओं वरच्या फळीवर डावीकडे आहे. दरवाजा त्यानेच चिकटविला, पण आता तो उघडत नाही. वहीत तिच्या पानावर दोष असा एक रकाना आहे. त्यात त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे की पुढचा दरवाजा आचार्यांच्या खणात निखळला, आणि खाली तारीख घातली आहे.